मांडुळाला खुराक किती?



आपल्या बोलीत एक शब्द मोठा फसवा आहे. तो शब्द म्हणजे ‘जनावर’. गोठ्यातली म्हैस जनावर, दावणीचा बैल जनावर, आणि बांधावरून सळसळत गेला तो सापही जनावरच. तिन्हीसांजेला सापाचे नाव घेऊ नये म्हणून म्हातारी माणसे ‘लांबडे’ म्हणतात, नाही तर ‘जनावर’ म्हणतात. या एका शब्दापायी गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. शेतकऱ्यांना सल्ला देण्यात माझा जन्म गेला, पण सल्ला असा उलटा पडल्याचे आठवत नाही. तेव्हा खतांचा नेहमीचा विषय आज बाजूला ठेवतो आणि तीच हकिगत सांगतो.

जेठ महिना होता. मावळातल्या कान्हे गावच्या शिवारात चारसूत्री भात लागवडीची बैठक घेतली होती. गिरिपुष्पाचा पाला खाचरात कधी गाडायचा, आवणी दोरीवर कशी करायची, युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये किती खोल खोचायच्या, हे सारे समजावून झाले. मंडळी उठली. एक गृहस्थ मात्र मागे घुटमळत राहिले. ओळखीचे, कष्टाळू, दोन एकरांत इंद्रायणी भात करणारे. हळूच म्हणाले, “साहेब, एखादं जनावर वजनात लवकर यावं, तर त्याला खुराक काय द्यावा?”

मला वाटले, बोकड असेल. मी म्हणालो, “मक्याचा भरडा द्या, थोडी शेंगदाणा पेंड द्या, क्षारांचे मिश्रण द्या. आणि दर आठवड्याला वजन करून भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे वाढ कळते.” ते मान डोलावून गेले. मीही विसरलो.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला. “जनावर खात नाही, येऊन जा.” दुपारच्या लोकलने कान्ह्याला उतरलो आणि चिखल तुडवीत त्यांच्या घरी गेलो. गोठ्यात दोन बैल आणि एक गाय होती. बोकड कुठे दिसेना. घरधनिणीने पदर सावरला आणि माजघराच्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथे एक रांजण होता. वर पाटा ठेवलेला. पाटा सरकवला, तर आत ओल्या मातीवर तपकिरी रंगाचा, मनगटाएवढा जाड साप वेटोळे करून निपचित पडलेला.

मांडूळ!

भिंतीवर कोळशाने आकडे लिहिले होते. माझा सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला होता. ७२० ग्रॅम. त्याखाली ६९०. त्याखाली ६४०. शेवटचा आकडा ५८०.

हकिगत अशी निघाली. घरधन्याचा मेहुणा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात राहतो. त्याला विहिरीच्या गाळात हे मांडूळ सापडले. कोणी तरी ‘पार्टी’ भेटली. मांडूळ तीन किलोचे झाले की लाखो रुपये देऊ, असे त्या पार्टीने सांगितले. नोंदणी म्हणून वीस हजार रुपये आधी घेतले. मेहुण्याच्या गावी बोभाटा होईल म्हणून मांडूळ बहिणीच्या घरी आले. आपण शेळी अर्धलीने देतो ना, तसेच हे मांडूळ अर्धलीने! खुराक यांचा, जनावर त्यांचे, पैसा निम्मा-निम्मा. नोंदणीचे निम्मे पैसे भरायला या माउलीने आपली गाभण शेळी विकली. मुलीचे लग्न दिवाळीनंतर काढायचे मनात होते.

आणि खुराक? दुधात कालवलेला मक्याचा भरडा. मांडूळ तोंड लावीना, म्हणून पिचकारीने घशात सोडत होते. माझ्याच तोंडचा भरडा!

मंडळी, मी त्या घरात मटकन खाली बसलो. रागावू कोणावर? विचारणाऱ्याने जनावर म्हटले आणि सांगणाऱ्याने कोणते जनावर म्हणून विचारले नाही. म्हणून आता नीट, क्रमाने सांगतो. त्या दिवशी त्यांना जे सांगितले तेच तुम्हाला.

पहिली गोष्ट, मांडूळ वाढते किती?

जगात बोआ नावाचे सापांचे एक कूळ आहे. विष नसलेले, भक्ष्याला विळखा घालून मारणारे हे साप. त्यांतला मोठा भाऊ अमेरिकेच्या दक्षिण आणि मध्य भागात राहतो. आपले मांडूळ हे त्याच कुळातले, पण जमिनीत राहणारे धाकटे भावंड. त्याची पूर्ण वाढ म्हणजे अडीच ते तीन फूट. क्वचित एखादे त्याहून थोडे लांब भरते. मादी नरापेक्षा मोठी असते. वजनाचे म्हणाल तर बहुतेक मांडुळे किलोच्या आतच असतात. चांगली पोसलेली थोराड मादी त्याच्या थोडी वर जाईल. तीन किलोचे मांडूळ मागणे म्हणजे पाच शेरांची कोंबडी मागण्यासारखे आहे. मागणाऱ्यालाही ते ठाऊक असते. अट पुरीच होऊ नये म्हणून तर ती घातलेली असते. तोवर नोंदणीचे, तपासणीचे, गाडीभाड्याचे पैसे उकळायचे.

आता तुम्ही म्हणाल, जास्त खाऊ घातले तर वाढणार नाही का? याचा हिशेब आपण शेतकरी माणसे सहज करू शकतो. गाय, बोकड, कोंबडी ही उष्ण रक्ताची जनावरे. त्यांना रोज खावे लागते. साप थंड रक्ताचा. तो आपल्या अंगाची ऊब उन्हातून आणि मातीतून घेतो, म्हणून त्याला खाणे फार थोडे पुरते. अर्ध्या-पाऊण किलोच्या मांडुळाने दोन आठवड्यांतून पन्नास ग्रॅमचा एक उंदीर खाल्ला असे धरा. वर्षाचे झाले सव्वीस उंदीर, म्हणजे तेराशे ग्रॅम. वर्षाचा सगळा खुराकच सव्वा किलोच्या घरात! त्यातला बराचसा जगण्यात आणि हिंडण्यात जिरणार. मग वजन अडीच किलोने वाढेल कुठून?

बरे, दुप्पट-तिप्पट कोंबले तर? साप लहानपणी भराभर वाढतो. वयात आला की वाढ अगदी मंदावते. मग जादा खाणे लांबी वाढवीत नाही, पोटात आणि काळजात चरबी साठवते. असा साप सुस्त होतो आणि लवकर मरतो. बैलाला खुराक वाढवला म्हणून तो हत्ती होत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट, मांडूळ खाते काय?

त्याचा मुख्य आहार उंदीर, घुशीची पिल्ले, सरडे आणि पाली. कधी पाखरे, कधी दुसरे लहान साप. सारे जिते भक्ष्य. धान्य, भाकरी, भरडा, पेंड यांतले काहीही सापाच्या पोटात पचत नाही. दूधही नाही. नागपंचमीला गारुड्याचा साप दूध पितो असे आपण पाहत आलो, पण तो साप कित्येक दिवस तहानेने कोरडा ठेवलेला असतो. पाणी नाही म्हणून तो समोर येईल ते ओढतो. दुधाने त्याचे पोट बिघडते. पिचकारीने घशात सोडले तर ते श्वासनळीतही जाते. त्या रांजणातल्या मांडुळाचे तोंड उघडे राहत होते, कडेला फेस होता आणि ओठाची कड सोललेली होती. कोणी मुद्दाम छळले नव्हते. त्या माउलीने तर रोज दूध जरा कोमट करून दिले होते. पण माया केली म्हणून चुकीचा चारा पचत नाही.

शिवाय जागा. मांडूळ हे कोरड्या, भुसभुशीत मातीचे जनावर. वाळूत, मुरमात, उंदरांच्या बिळात राहणारे. मावळातला श्रावण कसा असतो ते तुम्ही जाणता. भिंतींना ओल, कपड्यांना वास, चुलीत लाकूड पेटत नाही. अशा ओलीत, रांजणात, काळोखात त्याच्या खवल्यांना बुरशी लागते आणि छातीत कफ होतो. ऊब नसली की खाल्लेले पचत नाही, ओकून पडते. साप पाळायचा म्हणजे त्याचा मुलूखच घरात आणावा लागतो. ते आपल्याच्याने होत नाही.

हे चालले असताना घरचा नववीतला मुलगा म्हणाला, “पण साहेब, मोबाईलवर परदेशातली पोरं गळ्यात बोआ घालून बसलेली असतात. त्यांना कसं जमतं?”

प्रश्न रास्त होता. त्याचेही उत्तर द्यायला हवे. अमेरिकेतला तो मोठा बोआ जन्मतो तेव्हा दीड-दोन फुटांचा, बोटाएवढा जाड असतो. दुकानात तो गोजिरवाणा दिसतो. तीन-चार वर्षांत तो माणसाहून लांब होतो. मादी सात ते दहा फुटांपर्यंत जाते, वजन दहा किलोच्या वर सहज भरते. वीस-तीस वर्षे जगतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात तर एक बोआ चाळीस वर्षांहून अधिक जगला. म्हणजे पोराने हौसेने आणलेला साप त्याच्या पोरांनी सांभाळायचा. त्याला दाराएवढा लांब पिंजरा हवा, रात्रंदिवस तीस अंशांच्या आसपासची ऊब हवी, बसायला पाण्याची परात हवी.

खाण्याचेही शास्त्र आहे. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नको. लहान पिल्लाला आठ-दहा दिवसांनी एक उंदराचे पिल्लू. पूर्ण वाढलेल्याला तीन-चार आठवड्यांनी एक मोठा उंदीर किंवा ससा. तोही मारून गोठवलेला आणि पुन्हा कोमट केलेला, कारण कोंडलेल्या जागेत जिवंत उंदीरच सापाला चावून जखमी करतो. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. असे वर्षानुवर्षे करायला सगळेच तयार नसतात. मग साप मोठा झाला की लोक तो रानात सोडून देतात. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात असेच झाले. पाळलेले ब्रह्मदेशी अजगर सुटले, दलदलीच्या रानात वाढले आणि तिथले लहान-मोठे प्राणी खाऊन त्यांनी रानेच्या राने ओस पाडली. ज्या मोबाईलवर गळ्यातला साप दिसतो, त्या मोबाईलवर पुढचे हे सारे दिसत नाही, बरे का.

आपल्याकडे असले परदेशी साप बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते. त्यासाठी केंद्र सरकारने २०२४ साली नियम केले आहेत. आपल्या देशी सापांना मात्र तीही वाट नाही. मांडूळ असो, अजगर असो, नाग असो की धामण, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते पकडणे, मारणे, घरात ठेवणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. त्यात कैद होते आणि दंडही होतो. पाळले होते, विकले नव्हते, अशी सबब चालत नाही. “मला कायदा माहीत नव्हता” हीही चालत नाही. आणि पार्टी पकडली गेली नाही तरी ज्याच्या रांजणात मांडूळ सापडते तो मात्र पकडला जातो.

तिसरी गोष्ट, मांडुळाला एवढी मागणी का?

मांडुळाची शेपटी तोंडासारखी बोथट असते. त्याला डिवचले तर ते डोके वेटोळ्याखाली लपवते आणि शेपटी वर करून हलवते. शत्रूने चावा घ्यायचा तर शेपटीला घ्यावा, डोके वाचावे, एवढाच त्यात हेतू. पण आपण त्याला दुतोंड्या म्हटले. सहा महिने या तोंडाने चालतो, सहा महिने त्या तोंडाने, असे सांगितले. गारुडी लोक शेपटीवर डागून डोळे-तोंड काढीत असत. त्यातून कोणी गुप्तधन निघते म्हणू लागले, कोणी भाग्य उघडते म्हणू लागले, कोणी त्यातून औषध निघते म्हणू लागले. यातले एकही खरे नाही. मांडुळाच्या अंगात आजवर धन सापडले नाही. वजन वाढावे म्हणून कोणी कोंबलेले छर्रे तेवढे सापडले आहेत! माणसाची हाव किती खाली जाते ते पाहा.

गुप्तधनाच्या नावाखाली फसवणूक आणि अघोरी प्रकार होऊ नयेत म्हणून २०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण कायदा दारात उभा राहून पहारा करीत नाही. पहारा आपणच करायचा.

त्या घरातली म्हातारी आजी इतका वेळ उंबऱ्याशी गप्प बसून ऐकत होती. ती म्हणाली, “मी सांगितलं व्हतं, उंदरं खाणारं जनावर हाय, रानात ऱ्हाऊ द्या. पर म्हातारीचं कोण ऐकतंय?” सबंध बैठकीत तिच्याएवढे नेमके मी काही बोललो नव्हतो.

कारण मंडळी, मांडुळाची खरी किंमत तीच आहे. उंदराची मादी एकवीस ते तेवीस दिवसांत विते. एका वेळेला सहा-आठ पिल्ले देते. पिल्ले दोन-तीन महिन्यांत वयात येतात. घुशी तर भाताच्या लोंब्या तोडून बिळात कोठार करतात. शिवाय बांध पोखरतात आणि खाचरातले पाणी रात्रीत निघून जाते. मांजर बिळात शिरत नाही. सापळा बिळात शिरत नाही. मांडूळ शिरते. धामण शिरते. आपल्या मावळात मांडुळापेक्षा धामण जास्त, पण काम तेच. एक साप वर्षाला पंचवीस-तीस उंदीर खातो हे ऐकायला थोडे वाटेल. पण त्या उंदरांची होणारी पिढी मोजा, म्हणजे कळेल. ना पगार, ना वैरण, ना दावे. असा गडी आपण रांजणात घालतो आणि दुकानातून उंदराचे औषध आणतो. औषध खाऊन मेलेला उंदीर उघड्यावर टाकू नका, पुरा. तो साप, घुबड, मांजर यांनी खाल्ला तर त्यांनाही विष भिनते.

आता त्या दिवशीचे पुढे. घरधनी म्हणाले, “साहेब, गुपचूप रानात सोडून देतो. तुम्हीही काही पाहिलं नाही.” क्षणभर मलाही ते सोपे वाटले. ओळखीचे घर, लग्नाची मुलगी, आणि भरड्याचा दोष माझा. पण आजारी मांडूळ मावळच्या चिखलात सोडणे म्हणजे मारणेच. शिवाय ते इथले नव्हतेच. आणि पार्टीला यांचे घर ठाऊक होते. आज हे गप्प राहिले असते तर उद्या तीच पार्टी दुसऱ्या कोणाची शेळी विकायला लावणार. मी म्हणालो, “आपण होऊन कळवा. मी शेजारी बसतो.”

त्यांनी वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन केला. हात थरथरत होता. संध्याकाळी वनखात्याची माणसे आली. त्यांनी जबाब घेतला. आपण होऊन कळवले ही गोष्ट कागदावर लिहून घेतली, पार्टीचा फोन नंबर लिहून घेतला. तो फोन तेव्हापासून बंद आहे. मांडूळ कापडी पिशवीत घालून उपचाराला नेले. पाच दिवसांनी कळले की ते वाचले नाही. छातीत दूध गेले होते.

घरधन्यांना मी ते सांगितले, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, शेळीही गेली आणि त्योही गेला.” चौकशीचा कागद अजून निघायचा आहे. लग्न पुढच्या उन्हाळ्यावर गेले. भिंतीवरचे आकडे मात्र त्यांनी पुसले नाहीत. पोराला दाखवायला ठेवले आहेत म्हणे.

निघताना तो मुलगा माझ्यामागे आला. मोबाईलमध्ये एक चित्र दाखवून म्हणाला, “साहेब, हे अजगराचं पिल्लू पेंढ्याच्या गंजीखाली दिसलं होतं. उचलणार होतो, पण शाळेची वेळ झाली.” मी चित्र पाहिले आणि अंगावर काटा आला. पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, तिकोनी डोके. ती घोणस होती. शाळेच्या घंटेने त्या पोराचा जीव वाचवला!

हे मुद्दाम सांगतो. साप पाळण्याची आणि विकण्याची बोलणी घरात सुरू झाली की पोरांची भीड चेपते. आणि आपल्या शिवारात एकसारखे दिसणारे साप पुष्कळ. दुरक्या घोणस हा मांडुळाचाच भाऊबंद, बिनविषारी. अजगराचे पिल्लूही बिनविषारी. पण दोन्ही घोणशीसारखी दिसतात, आणि घोणस अत्यंत विषारी. कापणीच्या दिवसांत, पेंढ्याखाली, बांधाच्या गवतात ती हमखास असते. ती कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार करते, पण दर वेळी करीलच असे नाही.

आता ध्यानात ठेवायच्या गोष्टी थोडक्यात.

१. शेतात, विहिरीच्या गाळात, मातीच्या ढिगात मांडूळ निघाले तर काम थांबवा आणि त्याला आपल्या वाटेने जाऊ द्या. ते विषारी नाही, मागे लागत नाही.

२. नांगराने किंवा यंत्राने जखमी झाले असेल, किंवा घरात शिरले असेल, तर १९२६ वर फोन करा किंवा वडगावला वनखात्याच्या कार्यालयात कळवा. सर्पमित्र बोलावला तर तो वनखात्याला माहीत असलेलाच बोलवा.

३. ठिपक्यांचा जाड साप दिसला तर तो घोणसच समजा. दूर व्हा. पोरांना उचलू देऊ नका, फोटोसाठी जवळ जाऊ देऊ नका.

४. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. आवळून दोरी बांधू नका, जखम चिरू नका, चोखू नका. चावलेला हात-पाय हलवू न देता माणसाला तडक सरकारी दवाखान्यात न्या. विषावरचे इंजेक्शन तिथेच मिळते.

५. सापाला दूध, अंडे, पीठ, भरडा देऊ नका. पुण्यपण नाही, औषधपण नाही.

६. कोणी मांडुळाचे वजन, लांबी, रंग विचारू लागला आणि लाखांच्या गोष्टी बोलू लागला, तर एकच उलट प्रश्न विचारा: “आधी पैसे कोण देणार?” जो आधी तुमच्याकडून मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे.

७. मुला-मुलींना साप पाहायची हौस असेल तर ती चांगलीच आहे. त्यांना कात्रजच्या सर्पोद्यानात न्या. १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांनी ते उभे केले. मांडूळ, अजगर, घोणस यांतला फरक तिथे काचेआड नीट पाहता येतो. एक दिवसाचा प्रवास आहे, पण जन्माची ओळख होते.

आणि एक गोष्ट माझ्यासाठी. इथून पुढे बांधावर कोणी “जनावराला खुराक काय?” असे विचारले, तर मी आधी विचारणार, “पाय किती आहेत त्याला?” मंडळी हसतात. हसू द्या. हसल्यावर का होईना, खरे उत्तर बाहेर येते.

शेळी अर्धलीने जरूर घ्या. ती पाच महिन्यांत विते, दूध देते, अडीनडीला पैसा देते. मांडूळ मात्र आपले अर्धे कोणाकडे मागत नाही. त्याचा वाटा त्याला आपल्या बांधात, उंदराच्या बिळात मिळतो. तो तिथेच राहू द्या.

पुढच्या आठवड्यात भातावरच्या खोडकिडीबद्दल बोलू. तोवर रामराम.